रिकाम्या घराचा ताबा

नाव लॉरेन बर्टविसल, वय ५७ वर्षे, धंदा शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, राहणार हल्ली सँडहोम रोड, मोरकम, लँकशायर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील घरात मी व माझे पती डेरिक गेल्या शुक्रवारपासून राहतो. त्याआधी आम्ही लँकेस्टरला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. डेरिक ट्रक चालवत असत. छातीच्या दुखण्यामुळे ते आता घरीच असतात आणि त्यांना जिना चढवत नाही. म्हणून आम्ही समुद्राकडे एखादे बैठे घर शोधत होतो.

हे घर नेव्हिल क्रॉशॉ यांच्या नावावर होते. आम्ही ते दोनदा पाहिले. दोन्ही वेळा घरात नेव्हिल एकटेच होते. मागच्या खोलीत पलंग होता, तो पाहुण्यांसाठी आहे असे ते म्हणाले. दाराशी एक काठी टेकवून ठेवलेली होती. ती कोणाची, असे मी विचारले. ते म्हणाले, "बाबांची. ते आता नाहीत इथे." मी वाईट वाटल्याचे बोलून दाखवले. त्यांनी मान हलवली.

खरेदीचे कागद मिसेस थ्रेलफॉल या वकीलबाई पाहत होत्या. कुंपण कोणाचे, छपराची दुरुस्ती कधी झाली, घरात मालकाशिवाय आणखी कोणी मोठे माणूस राहते का, हे सगळे त्यांनी नेव्हिल यांच्या वकिलांना विचारले होते. कुंपणाचे व छपराचे माहीत नाही, आणि घरात दुसरे कोणी राहत नाही, असे उत्तर आले. घर रिकामे करून ताबा देऊ, असे करारात होते.

शुक्रवारी दुपारी पैसे पोचल्याचा निरोप आला, एजंटने किल्ली दिली. आमचा फ्लॅट त्याच वेळी दुसऱ्यांच्या ताब्यात गेला होता. सामानाची गाडी दाराशी उभी राहिली. मी कुलूप उघडून आत गेले तेव्हा टोस्टचा वास आला.

मागच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ पलंगाच्या कडेवर बसले होते. अंगात कोट, गळ्याशी टाय, पायाशी छोटी सुटकेस. मला पाहून ते उठायला लागले. म्हणाले, "आलात? मी सकाळपासून तयार आहे. आंघोळबिंघोळ सगळं झालंय."

मी त्यांना विचारले, कोण आपण. त्यांनी नाव विल्फ्रेड क्रॉशॉ सांगितले. नेव्हिल त्यांचा मुलगा. त्याने आदल्या दिवशी सांगितले होते की वृद्धाश्रमाची माणसे न्यायला येतील, तयार होऊन बसा. कुठला आश्रम, हे त्यांना माहीत नव्हते. घर त्यांनीच पूर्वी मुलाच्या नावावर करून दिले होते. मी म्हटले, काका, आम्ही आश्रमाची माणसे नाही, इथे राहायला आलो आहोत. ते परत खाली बसले.

नेव्हिल यांचा फोन बंद होता. एजंट म्हणाला, किल्ली दिली, आमचे काम संपले. मिसेस थ्रेलफॉल यांनी सांगितले की सामान उतरवू नका, नेव्हिल यांना नोटीस सोमवारीच जाईल. आणखी म्हणाल्या, "त्यांना जेवायला वगैरे घालू नका. तुम्ही राहू दिलंत असं दिसलं, तर पुढे अवघड जाईल." डेरिक फोनजवळच होते. ते म्हणाले, "मग आम्ही झोपायचं कुठं, तुमच्या ऑफिसात?" गाडीवाले खोळंबले होते. आम्ही सामान उतरवले.

म्हाताऱ्या माणसांची सोय कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका पाहते, तिच्या तातडीच्या नंबरावर मी फोन केला. त्यांनी विचारले की त्या गृहस्थांना ऊब आहे का, खायला आहे का, कोणी मारहाण करते आहे का. आहे, आहे, नाही, असे मी सांगितले. मग सोमवारी माणूस पाठवू म्हणाले.

संध्याकाळी मी तळलेला मासा व बटाटे आणले, तिघांसाठी आणले. विल्फ्रेड टेबलाशी कोट घालूनच बसले. निम्मे खाऊन झाल्यावर त्यांनी मला विचारले, "नेव्हिलला पैसे पोचले का?"

मी म्हटले, हो, दुपारीच.

"मग झालं," ते म्हणाले.

त्यानंतर ते बरेच बोलले. पाण्याचा मुख्य नळ ओट्याखाली मागे आहे, तो उलटा फिरतो. डाव्या बाजूचे कुंपण आपले, त्यांनी स्वतः घातलेले. उजवे शेजाऱ्यांचे, पण शेजारीण एकटी आहे, तेव्हा रंग तुम्हीच लावा. छप्पर नैर्ऋत्येच्या वाऱ्यात एका कोपऱ्याला गळते. डेरिक ऐकत होते. त्यांनी विचारले की चूल पेटवली तर धूर घरात येतो का. विल्फ्रेड म्हणाले, "पहिल्या दिवशी येतो. घराला माणूस कळेपर्यंत."

जेवण झाल्यावर ते त्यांच्या खोलीत गेले. आम्ही गादी पलीकडच्या खोलीत टाकली. डेरिक मला म्हणाले, "म्हातारा सोमवारी हलला नाही, तर आयुष्यभर हलायचा नाही. तू त्याला लाडावून ठेवू नकोस." मी म्हटले, हळू बोल. मधली भिंत लाकडी फळ्यांची आहे. त्यांना ऐकू आले किंवा कसे, ते मी सांगू शकत नाही.

शनिवारी सकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी आभार मानले. मग आम्ही पडद्याच्या दांड्या आणायला बाजारात गेलो. परत आलो तेव्हा ते घरात नव्हते. पलंगावरच्या चादरी घड्या घालून ठेवल्या होत्या, खिडकी उघडी होती, फरशी झाडलेली होती. सुटकेस नव्हती. कपाट उघडून पाहिले, त्यात एक हँगरसुद्धा नव्हता. डेरिक म्हणाले, आश्रमवाले आले असतील. मीही तसेच धरून चालले.

पोलिसांना लगेच का कळवले नाही असे विचारल्यावरून सांगते की, आम्ही दिवसभर सामान लावत होतो. रविवारी शेजारणीने सांगितले की तिने त्यांना शनिवारी सुटकेस घेऊन समुद्राकडे जाताना पाहिले होते. काठी हातात नव्हती. तेव्हा ओहोटी होती व वाळू दूरवर उघडी होती. त्यानंतर मी ठाण्यात फोन केला. भरती या खाडीत किती भराभर येते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांची हयात इथे गेली होती.

सोमवारी सकाळी ओहोटीच्या वाळूवर ट्रॅक्टर घेऊन कोळंबी धरायला जाणाऱ्या माणसांना ते सापडले. मला दाखवलेला कोट, टाय व सुटकेस मी ओळखली. सुटकेसमध्ये दाढीचे सामान, पायजमे आणि सपाता आहेत. आश्रमात लागेल तेवढेच आहे.

त्याच संध्याकाळी नेव्हिल यांचा फोन आला. ते सायप्रसला असल्याचे म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारले की माझ्या वकीलबाई व्यवहाराबद्दल काही म्हणतात का. मी म्हटले, तुमचे वडील सापडले. त्यांनी विचारले, कुठे. मी सांगितले, वाळूत.

ते म्हणाले, "म्हणजे घरात नाही ना?"

मी फोन ठेवला. नंतर तो दोनदा वाजला, मी उचलला नाही.

मिसेस थ्रेलफॉल म्हणतात की ताबा आता पूर्णपणे रिकामा मिळाला आहे, तेव्हा त्या बाबतीत आमची तक्रार उरत नाही. डेरिक मागच्या खोलीत जात नाहीत. आम्ही घर सोडणार नाही, आम्हाला दुसरे घर नाही. माझा कोणावर संशय आहे का असे विचारल्यावरून सांगते की, नेव्हिल क्रॉशॉ यांना विचारावे.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात एका ठिकाणी 'घरात आढळलेला अनोळखी इसम' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून तिथे 'विल्फ्रेड क्रॉशॉ' असे लिहून घेतले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करते.

लॉरेन बर्टविसल