आबांच्या जांभळीला पार

हॅलो?… हां आक्का, बोला… जरा मोठ्यानं बोला, पत्र्यावर पाऊस वाजतोय, काय ऐकू येत न्हाई…

लाडू?… कसले लाडू?

शुभांगीनं फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरला होता. दोन्ही हातांत ओलं गोणपाट होतं, आणि ते ती खालच्या भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी दाबून दाबून बसवत होती. पलीकडून बोलत होत्या तिच्या थोरल्या नणंदबाई, नलिनीआक्का. त्यांचं घर काही परमुलखात नव्हतं. भुकूमच्या याच उताराच्या गल्लीत, वर वळणावर. रोज या दारातली हाक त्या दारात जायची. पण आज दोन दारांच्या मधे गल्ली उरली नव्हती, ओढा झाला होता.

व्हय, डिंकाचे… कळलं. दीपालीसाठी केलेत… अहो पण ऐका ना आक्का, लाडू राहू द्यात आता… न्हाई, डबा घ्यायला मी कुणाला पाठवत न्हाई. कोण येणार पवत? गुडघाभर पाणी हाय गल्लीत… हितं, आपल्याच गल्लीत. खिडकीतनं बघा की…

बघितलं?…

मग?

खोलीतली भाडेकरू दीपाली कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. बाळाची पाचवी कालच पुजलेली. पाट्याची हळद अजून कोपऱ्यात तशीच. लातूरकडची पोर, माहेर लांब, नवरा हिंजवडीत कामावर अडकलेला. पोट चिरून बाळ काढलेलं. ती एकदा बाळाकडे बघायची, मग उंबऱ्याकडे बघायची, मग परत बाळाकडे.

न्हाई, आत न्हाई आलं अजून. उंबऱ्याला लागलंय. अशीच एक सर आली की आलंच आत… तिला वर माझ्या घरात कशी नेऊ? टाके ओले हायेत तिचे. बाहेर पाणी पायाला ओढतंय, आणि मी एकटी… हे जांबे गावाला गेलेत, तिकडनं रस्ता बंद हाय… दिल्यात, कॉटखाली विटा दिल्यात. विटांनी काय हुतंय? बाळंतिणीला ओल लागायची ती लागतीच…

काय?… आता हे तुमी मला विचारताय, पाणी कुटनं येतंय म्हणून?

आक्का, पाणी तुमच्या दारातनं येतंय…

तुमच्या म्हंजे तुमच्याच. त्या पाराला आपटून येतंय.

सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा गल्लीनं एक शहाणपण केलं होतं. एका कडेची मातीची पट्टी मोकळी ठेवली आणि तिच्यात झाडं लावली. वळणावर जांभूळ, तिच्या खाली करंज, त्याच्या खाली अर्जुन. प्रत्येकाच्या पायाशी रस्त्यापेक्षा खोल आळं, आणि एका आळ्यातून दुसऱ्यात जायला दगडगोट्यांनी भरलेला चर. वरच्या टेकडीवर बंगले झाले, तिथली माती फरशीखाली गेली, आणि तिथलं सगळं पाणी गल्लीत उतरायला लागलं. पण वळणावर आलं की ते जांभळीच्या आळ्यात शिरायचं. ती पोटभर प्यायची, उरलेलं करंजाला द्यायची, करंज अर्जुनाला, आणि मग जे राहील ते मुकाट ओढ्याला जायचं. पंगतीत वाढपी पुढे सरकावा तसं. केवढाही पाऊस झाला तरी गल्लीचे नुसते पाय ओले व्हायचे.

ती जांभूळ आबांनी स्वतः लावलेली. आबा म्हणजे गेणबा, आक्कांचे वडील, शुभांगीचे सासरे. आबा गेले. वैशाखात त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि लेकीनं बापाच्या झाडाला पार बांधला. आपल्याकडे झाडाला मान द्यायचा तर पारच बांधतात, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. विटांचं गोल बांधकाम, आत मुरूम भरून वर काळा कडप्पा, आणि खोडाशी पांढरी पाटी, तिच्यावर आबांचं नाव आणि खाली लेकीचं. पण पार म्हणजे वर बसणं, आणि या झाडाला तर मुद्दाम खाली बसवलेलं होतं. पाण्याचं तोंडच बुजलं. त्यानंतर रिपरिप पाऊस झाला तोवर कुणाला कळलं नाही. आज तो धो धो आला.

हे बघा, परत तेच… वैशाखात मी सांगितलं हुतं का न्हवतं? कैलास गवंडी विटा लावत हुता तवाच म्हणलं, आक्का, आळ्याचं तोंड बुजवू नका. तुमी काय म्हणाला, आठवतंय?… मी सांगते. म्हणाला, पाटीवर हिचं नाव न्हाई ना, म्हणून हिच्या पोटात दुखतंय…

म्हणाला. रजनीकाकूंच्या देखत म्हणाला…

दुखत हुतंच थोडं, खोटं कशाला बोलू. शेवटी शेवटी आबांना मीच भरवत हुते. पण आळ्याचं मी पाण्यासाठी म्हणलं हुतं, नावासाठी न्हाई…

रडू नका. आक्का, अहो, रडायला टाइम न्हाई हितं…

सगळा पार कोण म्हणतंय फोडा? रस्त्याकडची बाजू. नुसता तेवढा तुकडा तळापतोर उघडा…

उद्या?… उद्या कैलासला बोलावून काय करू, चहा पाजू त्याला? पाणी थांबतंय का उद्यापतोर?…

कोण म्हणतंय पाप लागतं?… कुशाबाकाका. कुशाबाकाकांचं घर चढावर हाय, आक्का. चढावरच्या माणसाला पाप-पुण्य लई सुचतं.

गोणपाटाच्या कडेनं पाण्याची एक बारीक जीभ आत आली. शुभांगीनं ती पायानं अडवली. तळवा गार पडला. तिला वाटलं, फोन द्यावा भिरकावून आणि जावं वर, स्वतःच घालावी पहार. पण गोणपाट सोडलं तर खोली जाते. आणि खरं म्हणजे तेवढंच नव्हतं. दुसऱ्याच्या बापाच्या नावावर आपण पहार घातली तर ती जन्मभर वाजत राहते, हेही तिला ठाऊक होतं.

हॅलो?… हाय का आवाज?… बोला की. आक्का?…

अंगावर पहार घातल्यासारखं?… आबांच्या?

शुभांगीनं गोणपाट परत उंबऱ्याशी दाबलं. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. ती परत बोलली तेव्हा तिच्या आवाजातली धार जरा खाली बसली होती.

आक्का, मला एक सांगा. खाचरात पाणी तुंबलं की आबा काय करायचे?…

मी न्हाई सांगत. लेक तुमी, तुमी सांगा…

व्हय. आणि बांध कुणी घातलेला असायचा?… सोताच्याच हातानं घातलेला की न्हाई? मग काय बांधाच्या पाया पडत बसायचे?… फावडं घालायचे, तोंड पाडायचे, आणि मग तंबाखू मळायचे. मी लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात बघितलंय ते…

आणि ती ओवी कुणी म्हणली हुती, जांभूळ लावली त्या दिवशी?…

कुटली काय? एकच तर म्हणली हुती. म्हणा बघू…

न्हाई, मला चाल येत न्हाई. माझा गळा तुमाला ठाऊक हाय, कावळं उडत्यात. तुमी म्हणा.

पलीकडून आधी नुसता श्वास आला. मग जात्यावर बसल्यासारखा, जड आणि संथ, आक्कांचा आवाज आला. शुभांगी ओठांतल्या ओठांत त्याच्या मागून गेली:

*जांभूळ लाविली माझ्या बापाच्या हातानं,*
*आळं केलं खोल, पाणी येऊ दे मानानं.*

…ऐकलंत?… आळं केलं खोल. तुमचेच शब्द हायेत. पाण्याला मानानं बोलावलंत, आणि मग त्याच्याच तोंडावर दार लावलंत. मग ते कुटं जाईल? जिथं उंबरा खाली हाय तिथं जाईल…

तेवढ्यात बाळ रडलं. नव्या बाळाचं रडणं ते, बारीक, पण पावसातूनही नीट पोचणारं. दीपालीनं त्याला उराशी घेतलं. शुभांगीनं फोन मुद्दाम त्या बाजूला धरला नाही. धरायची गरजच पडली नाही.

हॅलो?… आक्का?…

पलीकडे भांडं सरकल्याचा आवाज झाला. मग कडी.

कुटं निघालात?… पहार न्हाणीच्या मागं हाय, व्हय, भिंतीला टेकवलेली… अहो पण सावकाश, पायरीवर शेवाळ हाय… पाटीला हात लावू नका, पाटी वरच हाय. खाली, रस्त्याकडनं… निघंल. कैलासचं काम हाय ते, हात लावला तरी निघंल…

फोन कुटं ठेवलाय?… पदरात? बरं, राहू द्या. तोडू नका. मी हाय हितं.

पावसाच्या पडद्यातून शुभांगीला वळण दिसत होतं. एक छत्री आली, उलटी झाली, बाजूला पडली. मग एक आकृती वाकली. कानात धप्प झालं. मग श्वास. मग परत धप्प. आणि दोन घावांच्या मधे, धापेत गुंडाळलेली, तीच ओवी. जात्याचा खुंटा हातात असला की गाणं आपोआप त्याच्या मागे फिरतं. आज खुंट्याच्या जागी पहार होती. *जांभूळ लाविली…* धप्प. *माझ्या बापाच्या…* धप्प.

विटा ढासळल्या. मग फोनमधून आवाज आला, उन्हातून आलेल्या तहानलेल्या पाहुण्यानं तांब्या तोंडाला लावावा तसा. घट, घट, घट.

शुभांगीनं उंबऱ्याकडे पाहिलं. पाणी होतं तिथंच होतं. जरा वेळ तसंच, जणू विचार करत. मग गोणपाटाला चिकटून बसलेलं करंजाचं एक पान सुटलं, स्वतःभोवती फिरलं, आणि उंबऱ्यापासून लांब गेलं.

आक्का… आक्का, ओसरतंय… व्हय, खरंच. करंजाच्या आळ्यात शिरलं, मला दिसतंय… दीपाली, पाय सोड गं खाली, बस नीट… न्हाई, तुमाला न्हाई, तिला म्हणते…

पाटीचं काय?… राहू द्या की, तिला कुटं काय झालंय…

माझं नाव?… आता कशाला?… ते मागनं बघू, भिजू नका तितं… बघू म्हणलं ना. एका पाराचं निस्तरलं न्हाई तवर तुमचं दुसरी पाटी चढवायचं चाललंय…

लाडू? आणा. व्हय, आता आणा. चिखलाच्याच पायानं या, कोण काय म्हणत न्हाई… अहो, वाकू नका एवढं, फोन पदरात हाय, तो पड—

डुबुक.

हॅलो?… हॅलो, आक्का?

वर, वळणावर, नलिनीआक्का कोपरापर्यंत हात आळ्यात घालून चाचपत होत्या. फोडलेल्या पाराच्या तोंडातून पाणी त्यांच्या हातावरून, बांगड्यांवरून आत जात होतं, आणि जांभूळ समोर येईल ते पीत होती.