लालासाहेबाला पत्रिका, मला व्हाट्सप

न्हाई, तुमीच सांगा, लालासाहेबाला पत्रिका का म्हणून? कोण लागतो त्यो? तासगावात माझ्या शेजारी राहतो, त्येचं बेदाण्याचं शेड हाय, आमच्या सयाजीची द्राक्षं तिथं वाळत्यात, एवढंच! आणि लग्न कुणाचं? सयाजीच्या पोरीचं, आमच्या राजेश्वरीचं! सयाजी माझा चुलतभाऊ, कुंडलला एका ताटात जेवून वाढलोय आमी, एका सायकलवर शाळंला गेलोय, त्यो दांडीवर बसायला नि मी पायडल मारायला... आणि त्यो सयाजी गाडी करून, बायकूला पैठणी नेसवून तासगावात येतो आणि लालासाहेबाच्या दारात उतरतो! मी खिडकीत, सदरा बदलून बसलोय, आमच्या मंडळींनी चाचं आधण ठिवलंय, आणि सयाजी गाडीतनंच हात करतो, "नाना, घाई हाय रं, लवकर ये तिकडं!" आणि गाडी गेली की हो! लालासाहेबाच्या हातात जाडजूड पत्रिका, चारी कोपऱ्यांना हळद, वर कुंकू. आणि मला काय आलं? व्हाट्सपवर!

तुमाला सांगतो, बागंत औषध मारत हुतो, खिशात टुंग झालं. उघडून बघतो तर भावकीच्या ग्रुपवर वर कुणाचातरी सुप्रभात, खाली कुणाचीतरी गाभण म्हस विकायची हाय, आणि मधी आमच्या राजेश्वरीची पत्रिका, फोटोसकट, बोटाएवढी! खाली जोडलेले हात. कुणाचे हायत ते हात? सयाजीचे? आवं, पिवळेधमक हायत ते, आणि सयाजी तर तव्यासारखा काळा!

आमची पोरगी स्वप्नाली सांगलीला कॉलेजात माध्यमं शिकती. माध्यमं म्हंजे पेपर, रेडिओ, टीव्ही, असलं. परीक्षा जवळ आलेली, पुस्तक घिऊन बसलेली. माझी चिडचिड ऐकून म्हणली, "आबा, तुमचा राग शास्त्रीय हाय." लय बरं वाटलं बघा! घरात पयल्यांदाच कुणीतरी माझ्या रागाला चांगलं म्हणलं. म्हणली, "निरोप तोच, पण माध्यम वेगळं. आणि माध्यमाला चार अंगं असत्यात. पयलं, ते कशाचं बनलंय. दुसरं, आपल्या कुठल्या इंद्रियाला कळतंय. तिसरं, जागा किती धरतंय नि वेळ किती घेतंय. आणि चौथं..."

"थांब!" म्हणलं, "तीनातच माझं काळीज फाटलंय, चौथं नगं!"

"आवं आबा, चौथंच म्हत्त्वाचं हाय!"

कोण ऐकतंय? मी चपला घालून लालासाहेबाकडं. दर इचारायला आलो म्हणलं बेदाण्याचा. पत्रिका टीव्हीला टेकून उभी केलेली, देवासारखी! येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून! हळूच हात लावला... मखमल. वास घेतला... अत्तर! आवं, अत्तर मारलेलं पत्रिकेला! आणि माझा फोन? औषधाचा वास मारतोय आणि काचंला तडा गेलाय, तडा नेमका नवऱ्यामुलाच्या नाकावरनं. लालासाहेब आतनं मऊ आवाजात म्हणतोय, "आर्धा तास बसलं हुतं बघा सयाजीराव. पोहं खाल्लं, चा घेतला, उठंनातच! तुमास्नी आली आसंल की पत्रिका?"

"आली की," म्हणलं, "दोन आल्या!"

जळलो म्हंजे काय, बंबात घालायला वेगळं लाकूड लागलं नसतं! दुसऱ्या दिवशी काय केलं सांगू? हसू नका. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलो, फोनातली पत्रिका कागदावर काढून घेतली, रंगीत! घरी येऊन चारी कोपऱ्यांना हळद लावली, कुंकू लावलं, टीव्हीला टेकवून उभी केली. झाली का न्हाई पत्रिका? आता हाताला लागती, नाकाला हळद लागती, जागा धरती! तवर आमची मंडळी बाहेर आली.

"कुणी आणली?"

"सयाजी येऊन गेला."

"मग चा कुणी केला?"

बगा! मी म्हणजे स्वतःच स्वतःला आवतण दिलेला या जिल्ह्यातला पयला माणूस आसंन. आणि ते बी चा न घेता.

मग मीबी ठरवलं. व्हाट्सपवर बोलावलंय ना? जायाचं ते पाव्हण्यासारखं. मंडळी नि स्वप्नाली आदल्या दिवशीच कुंडलला गेल्या, मी न्हाई गेलो. लग्नादिवशी कडक इस्त्री घालून, अक्षतांच्या टायमाला, मांडवात मागच्या रांगंत जाऊन बसलो. पुढं पयल्या रांगंत कोण? लालासाहेब! फेटा बांधून! माझ्या डोक्याला काय? ऊन! आणि तेवढ्यात भोंग्यावरनं आवाज आला, "नानासो... नानासो, असाल तिथनं मांडवाच्या दारात या!"

आहाहा! आता सांगतो, मला लगीच उठता आलं असतं. पण न्हाई उठलो. सगळा मांडव माझं नाव ऐकतोय, लालासाहेब मान वळवून बघतोय... म्हणलं, अजून एकदा होऊ द्या. झालं. म्हणलं, अजून एकदा. तवर सयाजीच आला धावत, घामाघूम, उपरणं खांद्यावरनं लोंबतंय, आणि आला तो वरडतच.

"कुठं मेला हुतास रं? सकाळधरनं आचारी साखर मागतोय, कोठीची किल्ली तुझ्यासाठी ठिवलीया, फेटं बांधणारा तुझा फेटा हातात धरून दमला, आणि पोरगी म्हणती, नानाकाका दिसल्याबिगर बोहल्यावर चढत न्हाई! आणि तू इथं पाव्हणा हून बसलाईस?"

मी पण चिडलो. म्हणलं, "पत्रिका कुठं दिलीस मला?"

त्येनं उपरण्यानं घाम पुसला. मग हळू म्हणला, "नाना... घरच्या माणसाला कुणी पत्रिका देतं व्हय रं? तुला पत्रिका दिली असती, तर वर गेलेला आपला आज्जा काय म्हणला असता? भावाला परका केला म्हणला असता."

डोळं भरलं बघा माझं. बाजूला स्वप्नाली उभी, कपाळाला हात लावून. म्हणती, "आबा, हेच चौथं! आलेल्याचा अर्थ काय लावायचा, आणि न आलेल्याचा काय, ते चौथं अंग!"

आवं, मग हे आधी नसतं का सांगायचं?

झालं. किल्ली घेतली, साखर काढून दिली, फेटा बांधला, राजेश्वरीला बोहल्यापातूर सोडली. लय भारी वाटत हुतं, खरं सांगतो, छाती अशी फुगलेली! मग बसली पंगत. घरची माणसं वाढायला. माझ्या हातात जिलेबीचं ताट, सकाळधरनं पोटात अन्नाचा कण न्हाई, फेटा घामानं डोळ्यावर आलेला, आणि पयल्याच पानावर कोण? लालासाहेब! पाटावर मांडी घालून! माझ्याकडं बघून म्हणतोय, "नानासो, दोन आणखी. पाव्हण्यांना आग्रह करा की जरा!"

केला की आग्रह! एका हातानं केला, दुसऱ्या हातानं पाठ धरली, आणि पंगत उठल्याबरोबर सयाजीला कोपऱ्यात घेतलं. म्हणलं, बाबा रं, तुझ्या धाकटीच्या लग्नाला मला जरा परका कर!