चौदा तास दहा मिनिटं

एजंट : हे बघा काकू, स्क्रीनवरच आहे. तुमच्या मुलाचा विमानतळ ते आपला विमानतळ, अकरा हजार दोनशे किलोमीटर. चौदा तास दहा मिनिटं.

काकू : तोही हेच सांगतो. पण मी बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं केलीत. कागदावर गाडी कधीच उशिरा येत नाही.

एजंट : हा कागद नाही हो, कॉम्प्युटर आहे.

काकू : बरं. मग या चौदा तासांचं तिकीट द्या.

एजंट : तसं विमान नाहीये.

काकू : नाहीये?

एजंट : थेट कोणी उडवतच नाही. ही साइट नकाशावर पट्टी ठेवते आणि वेळ काढते.

काकू : विमान नाही, पण वरची दहा मिनिटं मोजून ठेवलीत. आमचे डेपो मॅनेजर खूश झाले असते. आता खरं सांगा. मी प्रवास दाराला कुलूप लावल्यापासून धरते.

एजंट : विमानतळापर्यंत दोन तास. तीन तास आधी हजेरी. पहिलं विमान सहा तास. मग नऊ तास बाकड्यावर. दुसरं विमान अकरा. सामान आणि रांग एक तास, शहरात यायला दोन.

काकू : चौतीस. आज मंगळवार, सकाळचे दहा. माझं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला. म्हणजे आपल्या घड्याळात आज रात्री दहाच्या आत त्याने कुलूप लावलं पाहिजे.

एजंट : ऑपरेशन? काकू, आधी सांगायचं ना. फोन लावा त्याला. स्पीकरवर ठेवा, मी समजावतो.

मुलगा : आई, अगं ठरलंय ना आपलं? उद्या संध्याकाळी निघतो, गुरुवारी सकाळी तुझ्यासमोर हजर. चौदा तास तर लागतात.

एजंट : साहेब, मी ट्रॅव्हल एजंट बोलतोय. चौतीस लागतात. आजच निघावं लागेल.

मुलगा : कुठला एजंट गाठलास आई? साइटवर स्पष्ट लिहिलंय. त्यांना कमिशन हवं असतं.

काकू : ते विमानच नाही रे बाळा.

मुलगा : नाही म्हणजे? थांब, बघतो... अरेच्चा. पण आज कसं शक्य आहे? हेड ऑफिसचे लोक आलेत, मी प्रेझेंटेशन सोडून नाही निघू शकत.

काकू : मग?

मुलगा : असं करू, शनिवारी येतो. खरं तर ऑपरेशनच्या वेळी बाहेर नुसतं बसूनच राहायचं असतं. खरी गरज नंतर लागते. हो ना?

काकू : हो. नीट जेवत जा.

मुलगा : आणि घाबरू नकोस. काहीही लागलं तरी मी चौदा... मी आहेच.

काकू : ठेवते.

एजंट : शनिवारचं तिकीट बघू का?

काकू : तो बघेल साइटवर. तुम्ही मला एक सांगा, इथून तो कोपऱ्यावरचा दवाखाना किती लांब?

एजंट : चालत सात मिनिटं. रस्ता ओलांडायला थांबावं लागलं तर नऊ.

काकू : बघा, तुम्ही थांबणं धरलंत. गुरुवारी साडेसातला याल? फॉर्मवर कोणाची तरी सही लागते म्हणतात.

एजंट : पण नात्याच्या रकान्यात काय लिहू, काकू?

काकू : आत्ता काय म्हणालात मला, तेच उलट करून लिहा. पुतण्या.