लल्ला रहिमूंचं मत

आदरणीय अध्यक्ष सी तुहामी, प्रमुख पाहुणे हाज मुफद्दल, मंचावरील मान्यवर, जाळी विणणाऱ्या माझ्या बहिणींनो, धक्क्यावरच्या भावांनो, आणि ज्यांच्या मानासाठी आपण जमलो त्या लल्ला रहिमू,

आपल्या शाखेची सूत्रं इतकी वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना निरोप देण्याचं काम माझ्यासारख्या नवख्या चिटणीसाकडे आलं. माझा आवाज थरथरतोय, दोष माईकचा नाही. माईक उत्तम आहे, हाज मुफद्दलांनीच दिलाय.

आपल्या लाराश बंदरात हा पक्ष सुरू झाला तेव्हा माईक कुठला? मागणी एकच होती: मासळी अंडी घालते त्या काळात ट्रॉलर खाडीच्या तोंडाशी नकोत. आणि पैसा? प्रत्येक होडी तारली मासळीची एक टोपली बाजूला ठेवायची, लिलावात तिचं जे येईल ते पक्षाचं. लल्ला स्वतः धक्क्यावर उभ्या राहायच्या. एकदा एक तांडेल तोंड चुकवून निघाला होता.

"लल्ला, आज काही लागलंच नाही हो."

"मग अर्धी दे. पण मान वर करून दे. पक्ष तुझा आहे, मी काही भीक मागत नाहीये."

तोच तांडेल पुढच्या आठवड्यात सभेत ओरडला, "टोपली दिलीय मी! ट्रॉलर अजून का येतात, उत्तर द्या!" लल्ला आम्हाला म्हणाल्या, "ऐका नीट. हे ओरडणं थांबेल ना, त्या दिवशी घाबरा."

ते थांबलं. मासळी घटली, टोपल्या आटल्या आणि निवडणूक तर तोंडावर आली. तेव्हा हाज मुफद्दल धावून आले. त्यांचे चार ट्रॉलर आहेत, बर्फाचा कारखाना आहे, मन मोठं आहे. कार्यालय दिलं, गाडी दिली, आपण बसलोय त्या खुर्च्या दिल्या. आणि मी शपथेवर सांगतो, त्यांनी बदल्यात काही म्हणता काही मागितलं नाही.

मग आपलं काय झालं? 'बंदी'चं 'नियंत्रण' झालं. नियंत्रणाच्या पुढे 'सर्वांशी चर्चा करून' आलं. यंदाच्या जाहीरनाम्यात 'आधुनिक मासेमारीला प्रोत्साहन' घालायचं ठरतंय. दर वेळी कारण चांगलंच होतं: पोरांना नोकऱ्या, बंदराची प्रगती. कुणी खोटं बोलत नव्हतं, मित्रहो. मला धडकी भरते ती याचीच.

मागच्या बैठकीत चहा आला, बदामाच्या करंज्या आल्या. लल्लांनी पेला खाली ठेवला.

"हाज, ट्रॉलरबंदीचं कलम बदला असं तुम्ही कधी म्हणालात?"

"अल्लाची शपथ, कधीच नाही!"

"मग आम्ही कुणासाठी बदलतोय?"

हाज हसले. "लल्ला, घरात पाहुणा आला की त्याला काय आवडतं ते विचारावं लागतं का?"

सगळे हसले, लल्ला सोडून. मतं समसमान पडली आणि बैठक पुढे ढकलली गेली. त्यानंतर या समारंभाच्या पत्रिका छापून आल्या. प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती, असं त्यात लिहिलंय. आपण निवृत्त झालो हे लल्लांना पत्रिका वाचून कळलं! प्रकृतीचं म्हणाल तर काल मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या गच्चीवर गालिचे झटकत होत्या.

मी रडकुंडीला आलो होतो. "लल्ला, तुमच्या जागी मला बसवलंय. धाकटा भाऊ हाजच्या ट्रॉलरवर यंत्र सांभाळतो. मी काय करू?"

त्या म्हणाल्या, "ते मी कसं सांगू, बुसल्हाम? मत तुझं आहे. सदरा मात्र इस्त्रीचा घाल. घाबरलेला माणूस चुरगळलेल्या कपड्यात दुप्पट घाबरलेला दिसतो."

मघाशी सी तुहामी माझ्या कानात म्हणाले, "शेवटी जाहीर करून टाक, कलम एकमतानं बदललं."

मी विचारलं, "बैठक कधी झाली?"

"अरे, तू आमच्यातलाच. झाल्यासारखीच आहे."

अध्यक्षमहाराज, रागावू नका. एकमत झालेलं नाही. लल्लांच्या जागी आता माझं मत आहे, आणि तेही जुन्या कलमालाच, म्हणजे मतं अजून समसमानच आहेत. पुढची बैठक याच लोकांसमोर, दारं उघडी ठेवून घ्यावी, अशी चिटणीस म्हणून मी मागणी करतो.

भाऊ मागच्या रांगेत बसलाय, माझ्याकडे बघत नाहीये. उद्या त्याला ट्रॉलरवर घेतील का, मला माहीत नाही. कार्यालयाचं कुलूप माझ्या किल्लीनं उघडेल का, तेही माहीत नाही.

हाज मुफद्दल, आपण आलात, शेवटपर्यंत बसलात, मनापासून आभार. अध्यक्षांचे आभार, चहा करणाऱ्या बहिणींचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर लहान समजून पोटात घाला. लल्ला, आता निरोपाचं चांदीचं तबक घ्यायला पुढे या. आणि ते घेऊन घरी जाऊ नका, परत खुर्चीवर येऊन बसा. बैठक अजून व्हायची आहे.