बावीस अंडी

मर्ना : थांब, टेरन्स. अंडं उलटं करू नकोस. वाळूत जसं पडलंय तसंच उचलून उबवणीच्या पेटीत ठेव. आधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं टिंब काढ.

टेरन्स : हातात फिरलं तर?

मर्ना : आज फिरलं तर एक वेळ चालेल. पुढच्या आठवड्यात फिरलं तर आतला जीव जातो. आत्तापासूनच सवय लाव.

टेरन्स : मऊ आहे हो. मला वाटलं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक असेल.

मर्ना : दाढीवाली सरडी आहे ती, कोंबडी नव्हे. कुठंय टॉफी?

टेरन्स : दिव्याखाली. पोट खपाटीला गेलंय बिचारीचं. काल दिवसभर वाळू उकरत होती. मी जागचा हललो नाही.

मर्ना : तिला कोमट पाण्यात बसव. मग कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे दे, खाईल तेवढे. नराला जवळ फिरकू देऊ नकोस. पहिल्यांदा करणारे सगळे अंड्यांकडे धावतात, बाळंतिणीकडे कुणी बघत नाही.

टेरन्स : बघतो. हे शेवटचं. बावीस झाली, मर्ना.

मर्ना : आणि घरं किती?

टेरन्स : कसली घरं?

मर्ना : पिल्लं नेणाऱ्यांची. क्लबात बिअर पिताना ‘मला एक ठेव हं’ म्हणणारे धरू नकोस.

टेरन्स : मग... माझी भाची. शाळेतल्या बाई. अजून चारपाच.

मर्ना : मग आठ-दहा ठेव. बाकीची आजच फ्रीझरमध्ये.

टेरन्स : काहीतरीच काय.

मर्ना : आज त्यांच्यात काही जागं झालेलं नाही. आज थंड केली की सुरूच होत नाही. दोन महिन्यांनी बावीस तोंडं उघडतील, दिवसातून चारदा. गर्दी झाली की एकमेकांची बोटं, शेपट्या कुरतडतात.

टेरन्स : उरलेली माळावर सोडू. ह्याच मातीतली तर आहेत.

मर्ना : पेटीत वाढलेली पिल्लं माळावर दोन दिवस टिकत नाहीत. शिवाय त्यांचा रोग रानातल्यांना लागतो. सरडे पाळायचा परवाना जाईल तो वेगळाच.

टेरन्स : तुम्हाला बोलायला सोपंय.

मर्ना : तीस वर्षं करतेय. अजून सोपं झालं नाही.

लॉरेल : काय चाललंय? मर्ना, चहा घेणार?

टेरन्स : लॉरेल, ह्या म्हणतात अर्धी मारून टाक.

मर्ना : तसं म्हटलं नाही मी.

लॉरेल : मला तोंडावर बोलू दे, टेरन्स. तुला फिट आली, ट्रक चालवायचं काम सुटलं, त्याला वर्ष झालं. ही सरडी आल्यापासून तू जेवताना बोलायला लागलास. मला बरं वाटतं. पण पहाटे इस्पितळात कामाला जाण्याआधी तिचा पाला कोण चिरतं?

टेरन्स : तू. मी उठेन ना आता.

लॉरेल : आणि पुन्हा फिट आली तर बावीस पिल्लं कोण सांभाळणार?

टेरन्स : मग किती ठेवू?

लॉरेल : दहा. दहा असतील तर मी हातभार लावीन.

टेरन्स : बारा.

लॉरेल : दहा, टेरन्स.

टेरन्स : बरं. कुठली ठेवायची ते कसं ठरवू? सगळी सारखीच दिसतात.

मर्ना : सारखीच आहेत म्हणून तर. डोळे मिटून उचल.

टेरन्स : नको. उघड्या डोळ्यांनीच उचलतो. लॉरेल, तो डबा दे. फ्रीझरमध्ये मीच ठेवीन.

(दोन महिन्यांनंतर, फोनवर.)

मर्ना : किती आली?

टेरन्स : सात. दोन अंडी खराब झाली, बुरशी आली होती. आणि एक चिरलंय, पण पिल्लू अजून बाहेर पडत नाहीये.

मर्ना : पहिल्या खेपेला हे छानच. तू ठीक ना?

टेरन्स : ठीक. लॉरेलशी बोला, ती इथंच आहे.

मर्ना : आज कामावर नाही गेली?

लॉरेल : उशिरा येते म्हणून कळवलं. मर्ना, ह्या पिल्लानं नुसतं डोकं बाहेर काढलंय आणि थांबलंय. ओढायचं नाही, ठाऊक आहे मला. पण जवळ बसून बघितलं तर चालतं ना?