एक नोव्हेंबरची अदलाबदल

सन्माननीय अध्यक्षा आणि आपल्या बिस्किट कारखान्याच्या संचालिका श्रीमती फान ऱ्हेनेन, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारा आपला फॉन्स, त्याच्या भगिनी गोडेलीव्ह, आणि सरहद्दीच्या दोन्ही अंगांच्या मित्रमैत्रिणींनो,

मी भाषणं करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण बाईंनी आत्ताच जाहीर केलं, की यापुढे कारखाना दोन्ही देशांच्या सुट्ट्या पाळणार! मग गप्प कशी बसू?

आजवर काय होतं? एकवीस जुलैला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी, बेल्जियमची मंडळी घरी, आम्ही डच भट्टीसमोर. आमचा पाच मे, मुक्तिदिन, तर पाच वर्षांतून एकदा सुट्टीचा. फॉन्स म्हणायचा, "मार्लीन, तुमच्याकडे आनंदसुद्धा हप्त्यानं देतात का गं?"

नऊ वर्षांपूर्वी माझे पती लोडे गेले. ते बेल्जियमचे, कबर त्याच बाजूला. एक नोव्हेंबरला बेल्जियममध्ये सुट्टी असते, सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या घेऊन जातात. मला, डच म्हणून, सुट्टी नव्हती.

फॉन्स म्हणाला, "तुझी पाळी मी करतो. बदल्यात तुमच्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी मला दे."

"तू बेल्जियमचा. त्या दिवशी करणार काय?"

"तुमच्याच राजाच्या नावानं तुमचीच बिअर पिणार!"

दर एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, आमच्या राजघराण्याच्या रंगाची नारिंगी टोपी घालून हा खिडकीशी यायचा आणि मला भट्टीपाशी घामाघूम बघून सलाम ठोकायचा.

तिसऱ्या वर्षी लोडेच्या मागच्या रांगेत एक ओकीबोकी कबर दिसली. एकही फूल नाही. नाव वाचलं. फॉन्सची आई. त्यानं मला कोणता दिवस दिला होता, ते तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षापासून मी दोन कुंड्या नेल्या, एक लोडेसाठी आणि एक पांढरी फॉन्सच्या आईसाठी. तो नंतरच्या रविवारी कबरीवर जाऊन आला की सांगायचा, "आमची गोडेलीव्ह चिकट खरी, पण आईची पांढरी शेवंती चुकवत नाही." गोडेलीव्ह, तुम्हाला वाटलं ती फॉन्सनं ठेवली. बहीणभावांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही!

यंदा पांढरी कुंडी मी आणणार नाही. ती त्यानंच आणायची.

बाई, तुमचे मनापासून आभार. सुट्ट्या मोजताना कमीजास्त बोलले असेन, तर दोन्ही देशांनी पोटात घालावं.

फॉन्स, एक नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता. दफनभूमीच्या फाटकाशी उभी असेन.