बुद्धघोषचा कॉम्प्युटर

२०२३ साली मी इंदापुरात तौसिफच्या दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. कळंबचे एक तात्या चादरीत गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर घेऊन आले.

"माझा ल्योक बुद्धघोष चौऱ्याण्णव साली गेला. आजारपणात ह्यात रोज लिव्हायचा. एवढी वरसं जीव धजला न्हाय. आता वाचून दाव."

तौसिफनं डबा खोलून बघितला. "तात्या, ह्याला हार्ड डिस्कच न्हाय. ह्यात काय ऱ्हात न्हाय."

"रोज पुसून ठिवलाय की."

"तवाचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम, डॉस, लई लहान. फ्लॉपीवरनं चालू व्हायचा, वीज गेली की सगळं विसरायचा. लिव्हलेलं दुसऱ्या फ्लॉपीवर ठिवायला लागायचं. काळी, चौकोनी, पातळ. कुठं हायत त्या?"

"दोन हुत्या."

"मग आणा की. निघंल कायतरी."

"पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्याला गिऱ्हाण लागलं. गाव दारं लावून बसलं. आपण पाळत न्हाय, म्हणलं पोरांनी बघावं. आतली काळी फिल्म डोळ्यापुढं धरत्यात, असं ऐकलं हुतं."

"कापल्या?"

"मीच कापल्या. ह्यो डबा तेवढा जपला."

"बसा तात्या, चहा सांगतो."

"नको. पोरांनी लई नीट बघितलं, बाबा."

तात्या पुढच्याच वर्षी गेले. तौसिफ आता नुसते मोबाइल विकतो. तात्यांनी त्या दिवशी तिथंच ठेवलेला कॉम्प्युटर त्याच्याकडेच आहे, त्याच चादरीखाली. सकाळी दुकान उघडलं की तो आधी त्याच्यावरची धूळ पुसतो.